उम्म इद्रीसचा जामीन

"पैशाचं बोलू नका," उम्म इद्रीस म्हणाली. "माझ्या घराखाली खणायचं असेल, तर तुमचा एक माणूस मला जामीन हवा."

दाराच्या चौकटीला हात लावून ती उंबरठ्यात उभी होती. बाहेर उन्हात आम्ही तिघं होतो: लॅथम साहेब, त्यांचा मुकादम तोमा आणि मी. साहेबांना अरबी कामापुरतंच यायचं, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'जामीन' हा शब्द मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपण बोलतो तो त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेला.

"जामीन राहून त्यानं करायचं काय?" मी तिला विचारलं.

"राहायचं. तुम्ही खाली खणाल त्याच्या बरोबर वर, माझ्या पुढच्या खोलीत. तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. घर पडलं तर त्याच्यावरही पडेल."

मी हे इंग्रजीत सांगितलं. तोमा मिशीत हसला, साहेब हसले नाहीत. "विचार तिला, कसला माणूस हवा."

"ज्याच्या जाण्यानं तुमचं नुकसान होईल असा," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग हा घ्या म्हणावं. हा माझा उजवा हात आहे."

ते वाक्य मला स्वतःच अरबीत सांगावं लागलं. सांगताना माझे कान तापले होते. आगाशीच्या दामोदर चुरीला विलायतेचा साहेब उजवा हात म्हणतो, हे ऐकायला गावचं कुणी तिथे नाही याचंच मला वाईट वाटलं.

मुंबईच्या कलाशाळेतून बाहेर पडल्यावर मी बगदादच्या इंग्रज वकिलातीत नकाशे उतरवायच्या कामावर गेलो होतो. तिथून लॅथम साहेबांनी मला मागून घेतलं. मोसूल शहरासमोर, तैग्रिस नदीच्या पलीकडे, मातीची दोन अवाढव्य टेकाडं आहेत. त्या मातीखाली निनेव्हे आहे, असिरियन राजांची राजधानी. राजवाड्याच्या भिंतींना त्यांनी कोरीव शिळा बसवल्या होत्या: लढाया, शिकारी, नद्या, कैदी. शत्रूनं शहर जाळलं तेव्हा त्या शिळा आगीत भाजून निघाल्या आणि मग हजारो वर्षं मातीत पडून राहिल्या. खणून उघड्या केल्या की त्यांना हवा लागायची, आणि दोन-चार दिवसांत त्या चुन्यासारख्या भुगा होऊन खाली ओघळायच्या. विलायतेला नेण्यासारखं त्यातलं थोडं. बाकीचं जे काही उरायचं ते माझ्या कागदावर. भुयारात दिवट्यांच्या उजेडात बसून मी रेघ न् रेघ उतरवून घेत असे. दोन हंगामांची ती चित्रं एका पत्र्याच्या नळकांड्यात असत आणि ते नळकांडं कायम माझ्यापाशी असे.

या दुसऱ्या टेकाडावर मात्र गाव वसलेलं होतं. माथ्यावर एका नबीची, म्हणजे प्रेषिताची, कबर, तिच्याभोवती मातीची घरं. टेकाडाच्या कुशीतून आम्ही नेलेलं भुयार एका कोरीव भिंतीपर्यंत पोचलं आणि ती भिंत सरळ उम्म इद्रीसच्या घराखाली गेली.

उम्म इद्रीस म्हणजे इद्रीसची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. तिला एकच मुलगा होता आणि त्याला सुलतानाच्या फौजेत धरून नेलं होतं, रशियाच्या लढाईत. लढाई संपली, तरी तो परतला नव्हता. घरात ती आणि सून झहरा, दोघीच. झहरा पोटुशी होती, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. हे मूल इद्रीसचंच. मधे एकदा जखमी होऊन तो रजेवर आला होता, तेव्हाचं. आधीचं त्यांचं मूल मोसूलच्या उन्हाळ्यात दगावलं होतं. तिथला उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. ऐपतीची माणसं दुपारभर तळघरात बसतात. उम्म इद्रीसच्या घराला तळघर नव्हतं. तिला तेच हवं होतं.

"तुमचे दगड तुम्ही न्या," ती म्हणाली. "जो खड्डा उरेल तो मला नीट बांधून द्या. पण चुलीच्या भिंतीपर्यंतच खणायचं. भिंतीपलीकडे माझी सून झोपते. त्या भिंतीपुढे एक वीतसुद्धा नाही."

"कबूल," साहेब म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. परपुरुषाचा हात ती कसा घेईल? मान हलवली आणि दारातून बाजूला झाली. मी पादत्राणं काढून आत गेलो.

पुढच्या खोलीत एक चटई, कोनाड्यात दिवा, कोपऱ्यात धान्याची कोठी. तिथे मी राहू लागलो. पहिल्या रात्रीपासून मला जमिनीखालून कुदळींचे आवाज ऐकू यायचे, कुणीतरी आतून दार ठोठावतंय असे. दिवसा मी अंगणात भुयारापर्यंत पाडलेल्या खड्ड्यातून खाली उतरायचो, चित्रं काढायचो आणि संध्याकाळी वर येऊन त्याच जमिनीवर जेवायला बसायचो. सुरुवातीला मी माझा भात वेगळा शिजवत असे. उम्म इद्रीसनं ते काही दिवस चालू दिलं, मग एकदा माझं पातेलं उचलून चुलीवरून खाली ठेवलं आणि गरम रोटी समोर टाकली. "माझ्या छपराखाली मरायला तयार आहेस आणि माझ्या हातचं खायला नाही?" मी खाल्लं. तेव्हापासून मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागलो.

झहरा माझ्याशी बोलायची ती पडद्याआडून. "आज काय निघालं?" रोज विचारायची. मी कागदाच्या कपट्यावर सिंह, घोडा, मासे काढून पडद्याखालून सरकवायचो. ती ते ठेवून घ्यायची.

एकदा तिनं विचारलं, "त्या दगडांत बाई एकही नाही का?"

मी विचारात पडलो. राजे, भालाईत, दाढीवाले कारभारी कितीतरी उतरवले होते. बाया क्वचित. पण नेमकी त्याच आठवड्यात चुलीच्या भिंतीला लागून असलेली शिळा मोकळी झाली. जिंकलेल्या गावातली माणसं शिपाई चालवत नेत होते. पुढे पुरुष, डोक्यावर गाठोडी. मागे बैलगाडी. गाडीशेजारी उभी राहून एक बाई पखालीचं तोंड लहान मुलाच्या ओठाशी धरत होती. शिपाई मागे उभा, तरी ती घाई करत नव्हती. मी ते चित्र फार मन लावून काढलं आणि त्याची लहान नक्कल झहराला दिली.

तिनं कागद आत ओढून घेतला. मग आवाज आला, "यांना कुठे नेलं?"

"माहीत नाही. ते पुढच्या शिळेवर असेल."

"मग ती काढा ना."

"ती चुलीच्या भिंतीपलीकडे आहे. तुझ्या खोलीखाली."

"असं होय," ती म्हणाली. "मग राहू दे."

खरं सांगायचं तर मलाही ती शिळा बघायची होती. अर्धी गोष्ट ऐकून उठावं लागल्यासारखं झालं होतं. साहेबांना काय वाटत असेल ते मी समजू शकत होतो. त्यातच मोसूलच्या पाशाकडून, म्हणजे तुर्की सुभेदाराकडून, निरोप आला की महिनाअखेर खोदकामाची परवानगी संपते, पुढे मिळणार नाही. साहेबांना हिवतापानं धरलं होतं. डोळे लाल, हात कापताहेत, तरी पहाटे भुयारात हजर. ते मुळात वाईट गृहस्थ नव्हते. मागच्या हंगामात एका मजुराचा पाय चिरडला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन ते नदीपर्यंत चालत गेले होते. पण शिळा म्हटल्या की त्यांना दुसरं काही दिसायचं नाही.

एका सकाळी खाली उतरलो तर भुयार लांबलं होतं. मी कंदील वर धरला. छतात चुलीच्या पायाचे दगड दिसले, पण ते माझ्या मागे राहिले होते. पुढे अंधारात कुदळ चालू होती. तोमानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"साहेब," मी म्हणालो, "चुलीची भिंत मागे राहिली."

"माहीत आहे मला." ते गुडघ्यांवर बसून हातानं माती सारत होते. "बघ इकडे. शिळा सलग आहे. कडा बघ, जराही जळलेली नाही! ही कदाचित टिकेल, चुरी. ही नेता येईल."

"वर झहरा आहे. तिचे दिवस भरलेत."

"टेकू लावलेत मी." त्यांनी वर बोट दाखवलं. नदीकाठच्या झाडांचे चार ओले वासे होते. त्यांच्यामधून बारीक माती सारखी झरत होती. "आणि असं बघ, ती या छतावर आहे. मी छताखाली आहे. पडलं तर आधी कुणावर पडेल?"

 ते स्वतःला वाचवत नव्हते हे खरंच होतं.

"बाईला सांगू नकोस. उगाच घाबरेल," ते म्हणाले. "दोन दिवसांचं काम आहे."

मी वर आलो. उम्म इद्रीस पीठ मळत होती. तिनं विचारलंही नाही, मीच तिच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "खाला, त्यांनी भिंत ओलांडली."

तिचे हात थांबले नाहीत. "काल सकाळपासून कोनाड्याला चीर गेली आहे. मला वाटलंच."

"मग ओरडला का नाहीत? गाव गोळा केलं असतं."

"गाव गोळा केलं की साहेब पाशाकडे जाणार. पाशाचे शिपाई आले की माझं घरही गेलं आणि तळघरही. माझ्याकडे कागद नाही, माणूस नाही." तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला. "माझ्याकडे तू आहेस. तुला इथे ठेवून ते पुढे जाणार नाहीत. चुकून गेले असतील. तू सांगितलंस की थांबतील."

"झहराला दुसरीकडे हलवू या. शेजारी."

"उद्या हलवीन. सुईण म्हणते अजून आठवडा आहे."

सुईणीचा अंदाज चुकला. दुसऱ्या दिवशी फटफटताना झहराच्या कण्हण्यानं मला जाग आली. उम्म इद्रीस पाणी तापवत होती. सुईण आली, तिच्या मागून शेजारच्या बाया आल्या, पडदा पडला. थोड्या वेळानं सुईणीनं बाहेर डोकं काढून सांगितलं की मूल आडवं आहे, वेळ लागेल आणि आता पोरीला जागची हलवायची नाही.

आणि खालून कुदळीचा आवाज सुरू झाला.

मी आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन बसलो. आत जाणं शक्य नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत कुणीच पुरुष जात नाही, मी तर परका. जमिनीला तळवा टेकवला तर प्रत्येक घाव हाताला कळत होता. आवाज आता माझ्या खाली नव्हता, पडद्याच्या पलीकडे होता. कोनाड्यातली चीर बोट जाईल एवढी झाली होती. तुळईवरून धुळीची बारीक धार पडद्यावर पडत होती.

अंगणात तोमा दिसला. मी त्याला हाक मारली. "साहेबांना जाऊन सांग, झहराला कळा लागल्यात. तिला हलवता येत नाही. आणि सांग, दामोदर आतल्या खोलीच्या दारात बसलाय, तो इथून उठणार नाही."

तोमानं छातीवर क्रूस केला आणि खड्ड्यात उतरला. कुदळ थांबली. माझा जीव भांड्यात पडला. उम्म इद्रीसनं माझ्याकडे पाहून मान हलवली, बघ, म्हटलं होतं ना, अशी.

तोमा वर आला. माझ्यापाशी उकिडवा बसून हळू आवाजात म्हणाला, "सांगितलं मी. साहेब म्हणतात, बसू दे त्याला. फक्त दुपारपर्यंत खाली ये म्हणावं, शिळा उतरवून घ्यायची आहे."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही." मग म्हणाला, "नवा टेकू लावायला सांगितलाय. लाकूड नाही, मी काय लावू?"

खाली कुदळ पुन्हा सुरू झाली.

त्या वेळी मला जे कळलं ते एकदम कळलं. त्या दिवशी दारात उम्म इद्रीसनं नुकसान होईल असा माणूस मागितला होता. साहेबांनी तिला आपल्या माणसांतला सर्वांत स्वस्त माणूस दिला होता. तोमा गेला असता तर त्याच्या गावचे सगळे मजूर उठून गेले असते. साहेबांचा इंग्रज मदतनीस मोसूलमध्ये होता, त्याच्या केसालाही धक्का लागता तर विलायतेत विचारणा झाली असती. माझ्याबद्दल आगाशीला चार ओळी लिहिल्या असत्या. त्यांनी मला फसवलं नव्हतं. उजवा हात म्हणताना त्यांना ते खरंच वाटत असेल. फसली होती ती उम्म इद्रीस, आणि तिला ते माहीत नव्हतं. ती चुलीपाशी पाणी तापवत होती, माझ्यावर भरवसा ठेवून.

आतून झहरा किंचाळली.

मी उठलो. उम्म इद्रीसचा चेहरा खर्रकन उतरला. "तू निघालास?"

"परत येतो, खाला." कोठीमागून मी पत्र्याचं नळकांडं काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हे आत न्या. झहराच्या अंथरुणाखाली ठेवा, अगदी मधोमध. मी म्हणेपर्यंत कुणालाही द्यायचं नाही. साहेबांनी मागितलं तरी नाही."

"काय आहे यात?"

"माझं सगळं काम."

तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि पडद्याआड गेली.

मी भुयारात उतरलो. वाकून, मग रांगत पुढे गेलो. छत आणखी खाली आलं होतं. एक वासा मधोमध वाकला होता. साहेब शेवटच्या टोकाला, दोन मजुरांमागे. त्यांच्या अंगाला हिवतापाचा घाम आणि त्यावर माती. कंदिलाच्या उजेडात शिळेचा वरचा अर्धा भाग मोकळा झालेला मला दिसला. तेवढंच बघायला मिळालं.

"आलास? कागद कुठेत?" साहेब म्हणाले.

"वर. झहराच्या अंथरुणाखाली."

"काय?"

"नळकांडं तिथे ठेवलंय. दोन्ही हंगामांची चित्रं. सगळी."

 मजुरांना इंग्रजी कळत नव्हतं, पण त्यांच्या कुदळी आपोआप खाली आल्या.

"घेऊन ये," साहेब म्हणाले.

"मला त्या खोलीत जाता येत नाही. तुम्हालाही नाही. तिला मूल होईपर्यंत तिथून काही निघणार नाही."

"तुला समजतंय का तू काय बोलतोयस? त्या शिळा आता जगात नाहीत! भुगा झालाय त्यांचा! जे काय आहे ते त्या कागदांवर..."

"होय साहेब. मीच काढलेत ते."

वरून मुठीएवढं ढेकूळ त्यांच्या खांद्यावर पडलं. त्यांनी छताकडे पाहिलं. गेले कित्येक दिवस ते त्या छताखाली उभे होते, पण मला वाटतं, त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं. 

"बंद!" ते ओरडले. मग मोडक्या अरबीत, "बस! बस! तोमा, माती! माती आत!"

त्यानंतरची दुपार मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवते. काढलेली माती परत आत न्यायची होती. भुयार चिंचोळं, एका वेळी एकच माणूस धड चालेल असं. आम्ही रांग केली. पाट्या हातोहात आत जायच्या. सर्वांत पुढे, त्या वाकलेल्या वाशाखाली, साहेब. पाटी ओतायची, हातांनी ठोकून छतापर्यंत दाबायची, दुसरी घ्यायची. त्यांना कुणी मागे सरा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. मी त्यांच्या मागेच होतो. वरून झहराचा आवाज दबून येत होता, मधूनच बायांचा जप. आवाज थांबला की आम्हीही थांबायचो, पुन्हा आला की पाट्या सरकायच्या.

शिळा आमच्या डोळ्यांदेखत मातीआड गेली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मग वासा मोडला. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. तोमा माझ्या अंगावरून पुढे झेपावला, त्यानं साहेबांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं आणि आम्ही तिघं एकमेकांवर पडलो. पुढचं छत खाली आलं. कंदील विझला. तोंडात, डोळ्यांत माती. काळोखात तोमा आपल्या भाषेत देवाची प्रार्थना करत होता. वर धप्प असा एक जड आवाज झाला, आणि त्यानंतर काहीच नाही. झहराचा आवाजही नाही.

मी रांगत बाहेर आलो. खड्डा चढताना हात सटकत होते. अंगणात आलो, पुढच्या खोलीत गेलो. चूल हातभर जमिनीत रुतली होती, भिंतीला आरपार चीर गेली होती, धूळ भरून राहिली होती. पण भिंत उभी होती. आतली खोली उभी होती. आम्ही भरलेल्या मातीनं तिला तोलून धरलं होतं.

"खाला!" मी हाक मारली.

पडद्याआडून उत्तर आलं नाही. मग चापट्या मारल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. आणि एक बारीक, चिडलेलं रडणं.

मुलगी झाली होती. तिसऱ्या प्रहराची नमाज नुकतीच उरकली होती. कबरीकडून माणसं परतत होती.

सुईणीनं नळकांडं बाहेर दिलं. साहेब अंगणात भिंतीला टेकून बसले होते, पायाच्या नखापासून केसांपर्यंत माती. उम्म इद्रीसनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी न पिता त्यांनी आधी हात धुतले, नीट पुसले आणि एकेक चित्र बाहेर काढून बघितलं. शेवटचं बघून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी सगळी चित्रं पुन्हा गुंडाळून नळकांड्यात भरली. त्या दिवसापासून नळकांडं मात्र त्यांच्या उशाशी राहिलं.

परवानगी संपेपर्यंत नवं खोदकाम झालं नाही. तोमानं आणि त्याच्या माणसांनी भिंतीपर्यंतच्या खड्ड्याला दगड लावले, वर कमान घेतली, पायऱ्या केल्या. उम्म इद्रीसला तळघर मिळालं. पखालीवाली बाई तोवर भुगा होऊन गेली होती, तिथे साधा दगड आला. चूलही पुन्हा मांडून दिली.

निघायच्या आदल्या दिवशी झहरानं पडद्याआडून विचारलं, "ती पुढची शिळा तू पाहिलीस?"

"अर्धी पाहिली."

"कुठे नेलं होतं त्यांना?"

"ते कळलं नाही. एका ठिकाणी बसले होते सगळे. खजुराखाली. मधे चूल मांडली होती, तिच्यावर भांडं."

आत ती हसू लागली. "आमच्या चुलीखाली चूल!" सासूला हाक मारून तिनं तेही सांगितलं, आणि उम्म इद्रीसही हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बगदादकडे निघालो. फुगवलेल्या कातड्यांवर फळ्या बांधून केलेला तराफा असतो तिकडे, नदीच्या ओघाबरोबर जाणारा. सामान चढत होतं. उम्म इद्रीस टेकाड उतरून काठापर्यंत आली, हातात फडक्यात बांधलेल्या रोट्या.

"तुझी आई आहे?" तिनं विचारलं.

"आहे."

"तिला माझं सांग. तुझा मुलगा वर बसला म्हणून साहेबानं हात आवरला. स्वतः माती वाहिली त्यानं, तापानं फणफणलेला असताना. मी गावात सगळ्यांना सांगते, मला खरा जामीन दिला होता. दुसरा कुणी दिला असता तर आम्ही आज नसतो." तिनं रोट्या माझ्या हातात दिल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "अशी किंमत असते माणसाची, बेटा. आईला बरं वाटेल."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो माझ्याबद्दलचा होता, आणि स्वतःच्या हुशारीबद्दलचाही.

"हो, खाला," मी म्हणालो. "सांगेन."

तराफा सुटला. काठ मागे जाऊ लागला, तरी ती उभीच होती. साहेब पेट्यांवर बसले होते, अंगाभोवती घोंगडी. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "इतका वेळ काय बोलत होती ती?"

"म्हणत होती, मी वर बसलो होतो म्हणून तुम्ही थांबलात."

 वाकणावर नावाड्यानं तराफा सांभाळून वळवला आणि टेकाड दिसेनासं झालं.

"आणि तू काय म्हणालास?"

"मी हो म्हणालो, साहेब."

त्यांनी घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. मी रोट्यांचं फडकं सोडलं आणि अर्ध्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलली, पण बराच वेळ खाल्ली नाही.